प्रेमचंद रायचंद : चार लाखांची देणगी आणि बुडालेली बँक

प्रेमचंद रायचंद हे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नाही. त्यांच्या आईचे नाव मात्र मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून गेलेले असते. विद्यापीठाच्या आवारातील २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर तो या माऊलीच्याच नावाचा. मुलाने पैसा दिला आणि नाव आईचे लावले, ही गोष्ट मला आवडते, हे आधीच सांगून टाकतो; कारण पुढे त्या पैशाविषयी मी जे बोलणार आहे ते काहींना कडू लागेल. कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला देणगीची पाटी दिसली की पाटीमागचा हिशेब पाहावासा वाटतो. ती खोड आता जाणार नाही.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेचा. घर जैन, व्यापारी. वडील मुंबईस आले आणि मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेत घातले. दलालीच्या धंद्यात इंग्रजी लिहिता-बोलता येणारे एतद्देशीय त्या वेळी नव्हतेच म्हटले तरी चालेल. हा तरुण साहेबाशी साहेबाच्या भाषेत आणि पेढीवाल्याशी गुजरातीत बोले. टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली दलाल जमत, त्यांच्यात तिशी गाठायच्या आतच त्याचा शब्द चालू लागला. कापूस, सोने-चांदी, हुंडी, शेअर, सगळ्यांत त्याचा हात होता. गुण होते यात शंका नाही. पण त्या गुणांना जे वारे मिळाले ते सात समुद्रांपलीकडून आले.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला. त्या गिरण्या सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून घेत. आता त्यांना आठवण झाली ती आमच्या खानदेश-वऱ्हाडाची, गुजरातेची. भाव तिप्पट-चौपट झाले. युद्धाच्या वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीहून सत्तर कोटी रुपयांवर जादा मिळाले, असा अंदाज जुन्या लेखकांनी दिला आहे.

येथे क्षणभर थांबून लँकेशायरकडे पाहू. ज्या टंचाईने मुंबईचे शेठ गब्बर झाले, तिनेच तेथील लाखो गिरणी कामगारांच्या चुली विझवल्या. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामकरी माणसांनी सभा भरवली आणि गुलामगिरी मोडणाऱ्या लिंकनला आपला पाठिंबा कळवला. गुलामांनी वेचलेला कापूस लवकर यावा म्हणून दक्षिणेची बाजू घ्या, असे सांगणारे त्यांना कमी भेटले नव्हते. लिंकनने पुढच्याच महिन्यात त्यांना उत्तर पाठवले. मुंबईत मात्र त्या वेळी, लढाई आणखी किती महिने चालेल यावर सौदे होत होते. धंद्याची रीतच ती, हे मला समजते. फक्त दोन गावांतला हा फरक ध्यानात असू द्या.

आता हा जादा पैसा गेला कोठे? शेतीत गेला नाही, गिरण्यांतही फारसा गेला नाही. कच्चा कापूस बाहेर धाडण्यातच एवढा नफा असताना सूत कोण काढील? पैसा गेला कंपन्यांत. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या मोजल्या गेल्या. पैकी बऱ्याच केवळ कागदावर. शेअर घेताना पूर्ण रक्कम द्यावी लागत नसे, पहिला हप्ता भरला की पुरे. तो हप्ताही कर्जाने भरता येई आणि कर्जाला तारण तोच शेअर! त्यावर वायद्याचे सौदे, म्हणजे माल हाती नसताना पुढच्या तारखेचे व्यवहार. या सगळ्या खेळाचे सूत्रधार प्रेमचंद. त्यांनी हात लावलेल्या कंपनीचे शेअर बाहेर येताच चढत, आणि आपल्या वाट्यास थोडे यावेत म्हणून बडेबडे अधिकारीही त्यांचे तोंड पाहत.

बॅक बे रेक्लमेशनचे उदाहरण घ्या. समुद्र हटवून जमीन काढायची, ही कल्पना काही वाईट नव्हती. शेअर पाच हजारांचा. सरकारसाठी राखलेले ४०० शेअर लिलावात काढले, तेव्हा दर शेअरमागे सुमारे साडेसव्वीस हजार रुपये अधिक आले. पुढे भाव पन्नास हजारांवर गेला. तोपर्यंत जमीन कोठे होती? बहुतेक पाण्याखाली.

या भट्टीत सरपण पुरवले बँक ऑफ बाँबेने. ही बँक १८४० ची, सरकारचा पैसा आणि सरकारचे संचालक असलेली, म्हणून लोकांच्या विश्वासाची. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली, शेअरच्या तारणावर कर्ज देण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रेमचंदांचे वजन बँकेच्या चिटणिसावर इतके, की त्यांनी शिफारस केली की कर्ज मंजूर. काही कर्जे तर नुसत्या सहीवर गेली. हे मी पदरचे सांगत नाही. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली १८६८ साली बसलेल्या चौकशी आयोगापुढे हे सारे आले.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. कापूस घसरला, मागोमाग शेअर. वायद्यांची मोठी चुकती १ जुलै १८६५ ला होती. त्या दिवशी जो तो दुसऱ्याकडे मागू लागला आणि देण्यास कोणाजवळच काही नव्हते. बँक ऑफ बाँबेचा शेअर २८५० वर जाऊन आला होता, तो ८७ रुपयांस विकावा लागला. बॅक बेचा पन्नास हजारांचा कागद दोन हजारांच्या खाली गेला. दिवाळखोरी एवढी की तेवढ्यासाठी वेगळा कायदा, १८६५ चा २८ वा, करावा लागला. बँक १८६८ मध्ये मोडली. तिच्या जागी त्याच साली जी नवी बँक काढली, ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि तिच्यातून १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांचे निवृत्तिवेतन जेथे येते त्या घराण्यातलीच ती.

शेठ बुडाले, त्यांची नावे पुस्तकांत आहेत. इतरांचे काय? १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८७२ च्या गणतीत ६,४४,४०५. पहिली गणती तेजीच्या ऐन भरातली, तेव्हा आकडे जरा सैल धरा. तरीही पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे गेली. भरणीची पाटी वाहणारे, गोदीत गाठी उचलणारे, चाळी बांधणारे ते हे लोक. कोकण-घाटावरून आले आणि काम संपताच परतले. त्यांनी एकही शेअर घेतला नव्हता.

लहान माणूस शेअर घेत नाही असे मात्र समजू नका. आमच्या काही सभासदांनी निवृत्तीचा पैसा दामदुपटीच्या एका योजनेत घातला होता. ‘मोठमोठ्यांचे पैसे आहेत, बुडेल कशी?’ असे ते मला विचारत. १८६४ सालची मुंबईही हेच विचारत होती.

आता देणगीकडे येऊ. १८६४ साली, तेजीच्या शिखरावर, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि थोड्याच दिवसांत घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख मिळाले. सुरतेस मुलींची शाळा आणि भडोचला ग्रंथालय उभे राहिले, दोन्ही वडिलांच्या नावे. मुलींच्या शाळेला त्या काळात पैसा काढणारा शेठ विरळा. गंमत पाहा, त्यांनी स्वतःजवळ ठेवले ते गेले, बँकेत होते ते गेले, आणि देऊन टाकले तेवढेच उरले. मनोऱ्याचा पाया १ मार्च १८६९ ला घातला गेला, बांधकाम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. नकाशा सर गिल्बर्ट स्कॉटचा. ग्रंथालय आणि मनोरा मिळून खर्च सुमारे साडेपाच लाख. राजाबाईंना दिसत नसे, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम घड्याळाच्या ठोक्यांवर त्यांना पाळता यावा म्हणून हा मनोरा, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, तिला हात लावण्याची मला इच्छा नाही.

पण घड्याळावरून आठवले. मनोऱ्यात ठोके पडू लागले तेव्हा गिरणगावात काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सुपारीबागेत सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, त्यातली मागणीही सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच! आणि आठवड्याची एक सुटी.

मग ही देणगी खोटी म्हणावी काय? मी तसे म्हणणार नाही. कलकत्त्याच्या त्या दोन लाखांतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली. १८९७ साली ती जदुनाथ सरकारांना मिळाली. शिवछत्रपतींवरील त्यांच्या ग्रंथाशी आपल्या इतिहासकारांनी किती वाद घातले हे या व्यासपीठास सांगायला नको. पण तो ग्रंथ वगळून पुढे जाणे कोणालाच जमले नाही. तेव्हा देणगीचे फळ मी मानतो. मात्र ‘शेठजींनी दिले’ या वाक्यात ‘दिले’ हे क्रियापद जितके खरे, तितका कर्ता पुरा नाही. त्या पैशात कापूस पिकवणारा होता, बँकेतला ठेवीदार होता आणि मँचेस्टरचा उपाशी कामकरीही होता.

एक गोष्ट प्रेमचंदांच्या बाजूने. दिवाळे निघाल्यावर ते पळाले नाहीत. मालमत्ता सावकारांच्या हवाली केली आणि पुन्हा दलालीस बसले. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या शेअरदलालांनी आपली संघटना बांधली, ३१८ सभासद, प्रवेश फी एक रुपया. संस्थापकांत प्रेमचंद होते. मालकवर्गाला संघटनेचे महत्त्व आमच्या कामगारांआधी नऊ वर्षे कळले, असे मी आमच्या पोरांना थट्टेने सांगतो. पहिले वैभव पुन्हा आले नाही, पण पत आली. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी ते वारले. भायखळ्याच्या लव्ह लेनमधील त्यांच्या ‘प्रेमोद्यान’ बंगल्यात पुढे ख्रिस्ती जोगिणींचा मठ आला. बॅक बे कंपनीने भर घातलेली जमिनीची चिंचोळी पट्टी मात्र वाया गेली नाही. सरकारने ती आगगाडीसाठी दिली, आणि चर्चगेटला उतरणारा चाकरमानी आजही रोज तिच्यावरूनच जातो.