तव्यावरचे बी, गाडग्यातले बी

बालाघाटाच्या डोंगरातल्या नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठणे जमत नाही, त्यांची आषाढी नगद नारायणाच्या पायाशी होते. लहानपणी आम्हीही चालत जायचो. संध्याकाळी पाय दुखत घरी आलो की आजी चुलीवर तवा टाकायची आणि डांगराच्या बिया भाजायची. पुण्यामुंबईकडचा लाल भोपळा, तो आमच्याकडे डांगर.

पुढे जुन्या गोष्टींच्या शोधाचे वेड लागले, तेव्हा या बियांचे वय काढावेसे वाटले. माझी समजूत सोपी होती. गडावर वीणेकऱ्याच्या खांद्याला वीणा, वीणेला भोपळा, आणि आमचे डांगर म्हणजेही भोपळा. मग वीणा जितकी जुनी तितकी ही बीही जुनी! हा भ्रमाचा भोपळा मिरजेत फुटला. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्यांना लागणारे भोपळे मात्र भीमेकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात. एका कारागिराला मी बियांचे विचारले तर तो हसला. म्हणाला, ‘हा कडू भोपळा. बी सोडा, गर जिभेला लावून बघा.’

वाद्याचा भोपळा हा दुधीचा भाऊबंद, आपल्या देशात फार जुना. डांगराचे कूळ तेच, पण घर निराळे आणि माहेर थेट अमेरिका खंडात. मेक्सिकोच्या ओआहाका भागात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे डांगराच्या एका सख्ख्या भावंडाच्या, माणसाने लावलेल्या वेलाच्या बिया सापडल्या. ब्रूस स्मिथ या पुरातत्त्वज्ञाने १९९७ मध्ये त्यांचे वय सुमारे १०,००० वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. मेक्सिकोत आजही भाजलेल्या बिया चवीने खातात. त्यांना तिथे ‘पेपिता’ म्हणतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर मिरची, काजू, अननस ज्या वाटेने आले, त्याच वाटेने डांगरही आले असे मानले जाते. म्हणजे आजीच्या तव्यावरची बी फार तर पाचशे वर्षांची.

नवा पाहुणा आला की लोक त्याला ओळखीचे नाव देतात. कोणी भोपळ्याला नुसते ‘लाल’ जोडले. विदर्भात त्याला कोहळं म्हणू लागले. खरा कोहळा पांढुरका, दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात तो. नाव जुने मिळाले आणि पाहुणा घरचाच होऊन बसला. उपवासाच्या ताटात तर सगळी अशीच मंडळी आहेत. शेंगदाणा, बटाटा, रताळे, साबुदाण्याचा कंद, हिरवी मिरची, सारे मूळचे अमेरिकेतले. माझा कयास असा की वर्ज्य धान्यांच्या याद्या आधीच ठरलेल्या होत्या आणि हे उशिरा आले, म्हणून सुटले. आमच्या घरी डांगराची बी एकादशीला चालते ती त्याच सवलतीत.

पण आषाढीच का? याचे उत्तर मला स्वयंपाकघरात मिळाले. दिवाळीच्या सुमारास उतरवलेली डांगरे देठासकट ठेवली की महिनोन्‌महिने टिकतात. त्यातले शेवटचे आषाढात फुटायचे. नेमकी तीच वेल लावायची वेळ. गर उपवासाच्या भाजीला, बी मात्र एकच आणि मागणारे दोन, तवा आणि उकिरड्याकडेची ओली माती. आजी बियांचा चिकट गर राखेने चोळून काढायची, धुऊन सुपात पसरायची. दुसऱ्या दिवशी टपोऱ्या, भरलेल्या बिया निवडून राख घातलेल्या गाडग्यात. उरलेल्या तव्यावर. त्याच दिवशीच्या बिया कधी भाजल्या नाहीत. आषाढीच्या रात्री आम्ही खायचो त्या आधीच्या डांगराच्या. जाळ मंद, वरून मिठाच्या पाण्याचा हबका, तडतड थांबली की तवा खाली. जाळ मोठा झाला तर टरफल करपते आणि आतला गर कच्चाच राहतो. आमचा हात सुपाकडे गेला की ती म्हणायची, ‘आधी बियाण्याचं काढू दे, मंग खा.’ हा तिचा कंजूषपणा आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो.

आजी गेल्यावर आत्याने सांगितले. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर जाऊन आणि तांबडा मिलो खाऊन घर जगत होते. एका रात्री चूल पेटवायला काहीच नव्हते आणि लेकरे झोपत नव्हती. आजीने गाडगे उतरवले आणि बियाणे भाजले. सासूने दिलेले ते वाण तिथेच संपले. पाऊस पडल्यावर तिने माहेराहून मूठभर बी आणले. ते डांगर निराळे होते, लांबट. पहिले गोल आणि शिरांचे होते म्हणे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो पाहून मला आजीचे गाडगे आठवले.

माहेरचे ते लांबट डांगरही आता आमच्याकडे नाही. गेल्या वर्षी बीडच्या बाजारातून एक आणले. बिया राखेने चोळल्या, सुपात वाळवल्या, टपोऱ्या दहा बाजूला काढून बाकीच्या भाजल्या. दहा परसात लावल्या. सात उगवल्या. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत एकसारखे उतरत नाही, हे वाचून माहीत होते. तीन वेलांना डांगरे धरली, तिन्हींचा आकार वेगळा. त्यातले एक गोल होते, शिरांचे. मी ते आत्याला दाखवायला नेले. तिने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘हे नव्हं.’