विजेचें माप आणि त्याचा प्रवास



यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी कापूस विकावयास गेला म्हणजे काट्यावर डोळा ठेवून उभा राहतो. आपला माल आपल्या देखत मोजला जावा, हा त्याचा आग्रह रास्तच आहे. विजेचें मात्र तसें नाहीं. ती डोळ्यांस दिसत नाहीं, तराजूंत बसत नाहीं. म्हणून तिच्या मापाचा इतिहास हा बहुतांशीं विश्वासाचाच इतिहास होय.

१८८८ सालीं अमेरिकेंत ऑलिव्हर शॅलनबर्गर यानें उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचें मापयंत्र तयार केलें. पुढल्याच वर्षीं हंगेरींतील ओटो ब्लाथी यानें प्रत्यक्ष ऊर्जा मोजणारें यंत्र सिद्ध केलें. वापर वाढला कीं चकती वेगानें फिरे आणि दांतेरी चाकें तिचे फेरे मोजीत. पुढें कित्येक दशकें हेंच यंत्र घरोघरीं होतें. आंकडा भिंतीवर असे. तो वाचावयास मनुष्य यावा लागे.

आंकड्यानें स्वतःच प्रवास करावा, ही कल्पनाही जुनीच आहे. १९१२ सालीं शिकागो येथें वीजकेंद्रांतील मापें टेलिफोनच्या तारांवरून मध्यवर्ती कचेरींत येऊं लागलीं. १९७७ मध्यें थिओडोर पारास्केव्हाकोस यानें अमेरिकेंत कंपनी काढून ग्राहकांच्या मीटरचें वाचन थेट संगणकाकडे आणण्याची व्यवस्था व्यापारी तत्त्वावर सुरू केली. फिरती चकती जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तेव्हां हें काम सुकर झालें. हा मीटर दाब व प्रवाह यांचे नमुने क्षणोक्षणीं घेतो, त्यांच्या गुणाकारांची बेरीज करीत जातो आणि आलेला आंकडा साठवून ठेवतो. तोच पुढें मोबाइलच्या किंवा रेडिओच्या लहरींवरून संगणकाकडे जातो.

पश्चिम विभागांतील राज्यांच्या वीज-देवघेवीचा हिशेब १ जुलै २००२ पासून दर पंधरा मिनिटांच्या मापावर होऊं लागला. म्हणजे दिवसाचीं शहाण्णव मापें. २०२१ च्या केंद्रीय योजनेनें असे मीटर घरापर्यंत आणण्याचें ठरविलें. देशाचें उद्दिष्ट पंचवीस कोटींचें होतें. महाराष्ट्रांत विरोध झाला, आणि आगाऊ पैसे भरावयाचे मीटर सामान्य ग्राहकांस लावले जाणार नाहींत, असें शासनानें जून २०२४ मध्यें जाहीर केलें. त्यानंतर वेळेप्रमाणें वापर नोंदणारे मीटर बसूं लागले. त्यांचें बिल मात्र वापरानंतरच येतें.

या वादांत एक गोष्ट विसरूं नये. मीटरावांचून वीज देऊं नये, असें २००३ चा कायदा सांगतो. तरी राज्यांतील पुष्कळ कृषिपंपांस अश्वशक्तीवर ठोक आकारणी होत आली. जेथें माप नाहीं तेथें अंदाज येतो, आणि गळालेली वीज अंदाजाच्या आडून शेतकऱ्याच्या नांवावर पडण्यास वाव राहतो. तेव्हां माप हें शेतकऱ्याचें शत्रु नव्हे. परंतु जें माप दूरच्या संगणकांत जाऊन बसतें, तें ज्याचें त्यास पाहतां आलें पाहिजे. २०२४ च्या सुधारित नियमांनीं, वाचनाविषयीं तक्रार येतांच पांच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर लावून निदान तीन महिने दोन्ही आंकडे ताडून पाहण्याची तरतूद केली आहे.

हा अधिकार आपण वापरला पाहिजे. महिन्याच्या ठराविक दिवशीं मीटरवरील आंकडा वहींत टिपावा व बिलाशीं पडताळावा. काट्याजवळ उभें राहण्याची आपली जुनी संवय येथेंही उपयोगी पडेल.