१३० डॉलरांचा महावीर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांच्याकडे आपली दृष्टी जाते. आज सांगावयाचा इतिहास आहे एका दहा सेंटांच्या चित्रकथा-मासिकाचा. पण तह यातही आहे. आणि त्या तहात कोणी काय गमावले, हे कळावयास बराच काळ जावा लागला.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या अमेरिकन मासिकाचा पहिला अंक १९३८ च्या एप्रिलमध्ये विक्रीस आला. आपल्या दिवाळी अंकात सर्व रुचींचा फराळ असतो, तसाच तोही संग्रह होता. त्यात झटारा नावाचा जादूगार होता, मार्को पोलोचा प्रवास होता, बातमीदाराची साहसे होती. या सर्वांच्या अग्रभागी तेरा पानांची एक कथा होती: सुपरमॅन.

तिचे जनक जेरी सीगल व जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातील एकाच शाळेत शिकलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण. एकाने लिहावे, दुसऱ्याने चितारावे. वृत्तपत्रांतील दैनिक चित्रपट्टीसाठी ही कथा त्यांनी वर्षानुवर्षे दारोदार फिरविली, कोणी घेईना. अखेर नव्या मासिकाला मजकूर हवा होता, म्हणून त्या पट्ट्याच कापून पानांवर चिकटविण्यात आल्या.

तो काळ मंदीचा होता. म्हणूनच या पहिल्या कथेतला सुपरमॅन परग्रहावरील राक्षसांशी लढत नाही. तो निरपराध स्त्रीला देहदंडातून सोडवितो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यास अद्दल घडवितो आणि वॉशिंग्टनमधील भ्रष्ट राजकारणाचा माग काढतो. वाचकांनी त्याला आपला मानले. प्रकाशकांना मात्र त्याची किंमत लगेच उमगली नाही. पुढील पाच अंकांच्या मुखपृष्ठांवर तो नव्हता.

आता तो तह. मार्च १९३८ मध्ये १३० डॉलर, म्हणजे पानामागे दहा डॉलर घेऊन दोघांनी सर्व हक्क लिहून दिले. त्या धंद्याचा रिवाजच तसा होता, हे खरे. पुढे त्यांना काम आणि पैसाही मिळाला, हेही सांगितले पाहिजे. पण मालकी गेली ती गेलीच. १९४७ मध्ये त्यांनी न्यायालयात धाव घेतली. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरांवर तडजोड झाली आणि कथेवरील त्यांची नावेही पुसली गेली.

१९७५ मध्ये सुपरमॅनच्या भव्य चित्रपटाची तयारी चालली होती. त्या वेळी सीगल साधी कारकुनी करीत होते, तर शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे व्यवसायबंधू त्यांच्यासाठी उभे राहिले, वर्तमानपत्रांनी हाक ऐकली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मालक कंपनीने प्रत्येकी सालीना २०,००० डॉलर व निर्माते म्हणून नावाचा उल्लेख मान्य केला. कायद्याने नाकारलेले लोकलज्जेने दिले!

२०१२ मध्ये त्या १३० डॉलरांचा समावेश असलेला मूळ धनादेश लिलावात १,६०,००० डॉलरांना विकला गेला. तोवर शुस्टर जाऊन वीस वर्षे आणि सीगल जाऊन सोळा वर्षे झाली होती. २०१८ मध्ये मासिकाचा हजारावा अंक निघाला.

दुबळ्यांचा कैवारी निर्माण करणाऱ्यांचा कैवार घ्यावयास शेवटी साधी माणसेच धावली. आपल्या मुलांच्या हाती चित्रकथा द्याल, तेव्हा प्रथम तिच्यावरील नावे वाचून दाखवा. ती तेथे सुखासुखी आलेली नसतात.