आबांचा बंब आणि पंचवीस नळ्यांचं रॉकेट

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा न्हाणीघरात दोन गोष्टी शेजारी-शेजारी दिसल्या. भिंतीवर नवाकोरा गीझर आणि खाली कोपऱ्यात आबांचा तांब्याचा बंब, बुडाशी ओल धरलेला. "गळतो आता. मोडीत देऊन टाकू, तांब्याला भाव आहे," बाबा म्हणाले. आजी काही बोलली नाही. आणि आजी काही बोलली नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं :)

आमचं गाव भद्रावती. रेल्वेच्या लेखी भांदक, आमच्या लेखी भद्रावती. इथे एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला ताडोबाचं जंगल. वीस-पंचवीस किलोमीटरवर चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, १९८३ साली सुरू झालेलं. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. एवढी वीज दाराशी तयार होत असताना आमच्याकडे बंब टिकला कसा? उत्तर एका शब्दात: भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ऐन सकाळी वीज गायब! तेव्हा पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर चालणारा बंब कुणाच्या वेळापत्रकाची वाट बघत नव्हता.

ज्यांनी बंब बघितलाच नाही (माझ्या ऑफिसात असे बरेच निघाले) त्यांच्यासाठी थोडक्यात रचना. बाहेर तांब्याचा मोठा पिंप. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी नळी. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, तिच्याखाली राखेची जागा. सरपण वरून नळीत टाकायचं. पाणी नळीच्या भोवती, विस्तव पाण्याच्या पोटात. चुलीवरच्या पातेल्याची बरीचशी आच बाजूने निघून जाते, इथे ती जाता-जाता पाण्याला भिडते. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ३३५० किलोज्यूल लागतात. वाळलेल्या लाकडाची निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरली, तरी चारशे-साडेचारशे ग्रॅम सरपणात काम होतं. सरपणासाठी जंगलात गेलेल्या माणसाला वाघ भेटू शकतो अशा मुलखात, मोळी दोन दिवस पुरते की चार दिवस, हा हिशोब नुसता कागदावरचा नसतो.

ही मधल्या नळीची कल्पना फक्त आपली नाही. रशियातल्या तुला शहरात अठराव्या शतकापासून समोवर बनतात, त्यांच्या पोटातही अशीच नळी. काश्मीरचा तांब्याचा समोवर तोच. आणि १८२९ मध्ये रेनहिलची शर्यत जिंकणारं स्टीफन्सनचं 'रॉकेट' इंजिन? त्याच्या बॉयलरमध्ये एका मोठ्या नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. नळ्या वाढवल्या की आच आणि पाणी यांची गाठ पडायची जागा वाढते, वाफ भराभर होते. आबांचा बंब म्हणजे या खानदानातला एकनळी, गरीब, शांत स्वभावाचा चुलतभाऊ.

शांत अशासाठी की तो झाकून बंद केलेला नसतो. वाफेला कोंडलं की ती काय करते हे जगाने मोठी किंमत देऊन शिकलंय. १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच इथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. देखरेखीला ठेवलेला पोरगा मासे पकडायला गेला होता म्हणे. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरमध्ये शिशाची एक गुडदी बसवायला सुरुवात केली. पाणी कमी झालं की ती आधी वितळणार, वाफ आगीवर सुटणार आणि मोठा अनर्थ टळणार. आपल्याकडे कलकत्त्यात १८६३ साली असाच स्फोट झाला, आणि १८६४ मध्ये बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा आला. देशभरासाठीचा कायदा १९२३ चा, त्याच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा केला. १९२३ च्या कायद्यात बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ करण्यासाठीचं, पाच गॅलनपेक्षा मोठं बंद भांडं. आपला बंब उघडा आणि वाफेशी त्याला कर्तव्य नाही, त्यामुळे तो कुठल्याच इन्स्पेक्टरच्या वहीत नाही. त्याचे इन्स्पेक्टर आमचे आबा.

आता कबुलीजबाब. मासे पकडायला गेलेला तो पोरगा मीच होतो असं समजा. २००७ चा हिवाळा, मी दहा वर्षांचा. आबांनी बंब पेटवायला सांगितला. मी पेटवला आणि क्रिकेट खेळायला पळालो. पाणी? ते कुणीतरी भरलं असेलच की! थोड्या वेळाने घरात जळका वास. आबांनी आधी नळीतला विस्तव खाली ओढून काढला, बंब गार होऊ दिला आणि मग पाणी ओतलं, तर सगळं पाणी जाळीतून खाली. मला हाक मारली. "पाणी पायलं होतं का बे?" बस्, एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं.

नेमकं काय झालं होतं ते मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. भोवती पाणी असेपर्यंत नळीचं तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नसलं की कसलीच मर्यादा नाही. मूळ नळीचा सांधा झाळलेला होता, म्हणजे पितळेसारख्या झाळणाने जोडलेला. ते वितळायला आठशे-नऊशे अंश लागतात. पण मध्ये कधीतरी नळीला चीर पडली होती आणि तिथे कुणीतरी कथील-शिशाचा डाग दिला होता. तो दोनशेच्या आतबाहेरच पाघळतो. म्हणजे मूळ काम शाबूत राहिलं, गेलं ते नंतरचं ठिगळ. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. वीस वर्षांचा जुना कोड मुकाट चालत असतो, शुक्रवारी संध्याकाळी घाईत टाकलेला पॅच सोमवारी पडतो.

त्या वेळी पुन्हा डागच दिला गेला. बारा वर्षांनी, २०१९ मध्ये, आबा गेले. आणि मागच्या दिवाळीत तोच डाग सुटला होता. म्हणून बाबांना म्हटलं, हे माझ्याकडे लागलं.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. बंब हा तिथला एकेकाळचा हुकमी माल. पुढे स्टेनलेस स्टील आलं, गीझर आले आणि तांबट शोभेच्या वस्तूंकडे वळले. आमच्या पूर्व विदर्भात भांड्यांचं मोठं नाव भंडाऱ्याचं, पण ते पितळेसाठी. शेवटी चंद्रपुरातच एक वयस्कर कारागीर सापडले. त्यांनी नळीत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "डाग नाही देणार. नळीच बदलू." नळीवर पाण्याकडून बोरच्या क्षाराचा जाड पांढरा थर साचला होता. तो थर आच अडवतो, मग सरपण जास्त लागतं. त्यांनी जुनी नळी कापून काढली, नवा पत्रा वळला, सांधा झाळला. आठवड्याने बंब घरी.

जाळी याआधी तीनदा बदललीय, लोहाराकडून सळ्या जोडून. तोटी दोनदा, एक पाय एकदा, झाकण मूळचं नाहीच. आता नळीही नवी. आजीने हात फिरवून बघितलं आणि विचारलं, "यात तुह्या आबाचं काही उरलं का रे?" मी म्हटलं, पिंप. आणि कड्या. त्यावर ती म्हणाली, "मंग ठीक आहे."

गीझर आहेच, रोज तोच चालतो. बंब फक्त सणावारी. यंदा नरकचतुर्दशीला पहाटे मी पेटवायला बसलो. काडी ओढायच्या आधी झाकण उघडून आत बोट बुडवून बघितलं. मागे आजी उभी होती, तिने तरी विचारलंच, "पायलं का पाणी?"

पायलं आजी, पायलं.