लहान नावाचे मोल

जुन्या व्यापारी पेढ्यांचे छापील कागद चाळले, तर पेढीच्या नावाखाली ‘तारेचा पत्ता’ अशी एक ओळ आढळते. त्या ओळीत रस्ता, इमारत किंवा मजला यांचा उल्लेख नसतो. एक शब्द आणि त्यापुढे शहराचे नाव, एवढ्यावर ती संपते. तो शब्द तारखात्याच्या दप्तरी फी भरून नोंदविलेला असे, आणि त्या शहरात तो दुसऱ्या कोणास मिळत नसे. इंटरनेटवरील नावांच्या ज्या खरेदी-विक्रीत आज एकेका अक्षराला लक्षावधी डॉलरांची किंमत येते, तिचा इतिहास या एका ओळीपासून सुरू करणे उचित ठरेल.

हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी याने १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू केली, आणि १८५५ मध्ये ही सोय सर्वसामान्यांना खुली झाली. तारेचा मूळ स्वभावच असा, की तिच्यात लांबीला दाम पडे. समुद्राखालून जाणाऱ्या तारेत तर हे फारच प्रकर्षाने जाणवले. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागरातील पहिल्या तारेवरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेस गेला, तेव्हा तो पोहोचविण्यास सोळा तास लागले. ती तार काही आठवड्यांतच निकामी झाली. १८६६ मध्ये टिकाऊ तार पडली, तेव्हा लहानात लहान संदेशालाही वीस पौंड पडत. शब्द वाचविणे म्हणजे पैसा वाचविणे, हे व्यापाऱ्यांस कोणी शिकवावे लागले नाही. एका शब्दात सबंध वाक्याचा अर्थ भरणारे सांकेतिक कोश छापून विकले जाऊ लागले.

पत्त्याची गोष्टही निराळी नव्हती. इंग्लंडमध्ये १८८५ साली बारा शब्दांची तार सहा पेन्सांत जाऊ लागली. पण तोवर फुकट जाणारा पत्ता आता मोजणीत धरला गेला. साहजिकच ज्याचा पत्ता लांब, त्याला तार पाठविणे महाग झाले, आणि संक्षिप्त पत्ता नोंदवून घेण्याकडे व्यापाऱ्यांचा ओढा वाढला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की लहान पत्त्याचा लाभ मुख्यतः पाठविणाऱ्यास होई. परंतु फी भरून तो पत्ता मिळवी घेणारा. आपल्याकडे येणाऱ्याची वाट सोपी असावी, यासाठी त्याने दिलेली ती किंमत होती.

पुढे हे संक्षेप मूळ नावांहून मोठे झाले. निरनिराळ्या देशांच्या पोलिसांत सहकार्य घडवून आणणाऱ्या संस्थेने १९४६ मध्ये ‘इंटरपोल’ हा शब्द तारेचा पत्ता म्हणून निवडला. दहा वर्षांनी संस्थेची घटना नवी झाली, तेव्हा तोच शब्द तिच्या अधिकृत नावात येऊन बसला. ऑक्सफर्ड येथे १९४२ मध्ये दुष्काळपीडितांसाठी निघालेल्या समितीचा तारेचा पत्ता ‘ऑक्सफॅम’ असा होता. १९६५ मध्ये समितीने तेच आपले नाव केले. पत्ता म्हणून आलेला शब्द घरधनी झाला, तो असा.

या पार्श्वभूमीवर संगणकांच्या नावांचा प्रश्न पाहण्यासारखा आहे. इंटरनेटच्या जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. पण आकडे माणसाच्या स्मरणात राहत नाहीत. म्हणून आरंभी अमेरिकेत, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली सर्व संगणकांच्या नावांची एकच यादी ठेवली जाई. जाळे वाढले, तशी एका दप्तरातून सगळा कारभार चालेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी जबाबदारी वाटून देणारी नवी रचना मांडली. तिलाच डोमेन नावांची पद्धती म्हणतात. मोठ्या विभागाने आपल्या पोटातील नावे द्यावीत, त्यांनी आपल्या पोटातील, अशी ती उतरंड आहे. ‘डॉट कॉम’ हा त्यांतील व्यापारी विभाग. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स’ हे त्यातील पहिले नाव नोंदविले गेले.

येथे तारेच्या हिशेबाशी पूर्ण फारकत झाली. नियमाप्रमाणे नावाचा एक भाग त्रेसष्ट चिन्हांपर्यंत लांब असू शकतो. यंत्राला दोन अक्षरे आणि साठ अक्षरे सारखीच. नोंदणीची फीही लांबीवर ठरत नसे. १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत तर अर्जदाराला काहीच द्यावे लागत नव्हते. त्यानंतर दोन वर्षांस शंभर डॉलर अशी फी बसली, आणि तीही नाव लहान असो वा मोठे, एकच. ‘प्रथम येईल त्याला प्रथम’ हा वाटपाचा नियम होता. सरकारी फी एकच, पण बाजारभाव मात्र जमीन-अस्मानाइतका भिन्न, ही स्थिती याच नियमातून निर्माण झाली.

कारण साध्या गणितात आहे. रोमन लिपीत अक्षरे सव्वीस. केवळ अक्षरे घेतली, तर एका विभागात एकाक्षरी नावे २६, दोन अक्षरी ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६ होतात. पाच अक्षरांवर गेले की आकडा एक कोटी अठरा लाखांपलीकडे जातो. म्हणजे नाव एका अक्षराने आखूड झाले, की त्याच्या जातीची नावे सव्वीस पटींनी कमी होतात. जमीन वाढविता येत नाही, तशी ही नावेही वाढविता येत नाहीत. त्यातून १९९३ मध्ये एकाक्षरी नावे देणे थांबविण्यात आले. डॉट कॉममध्ये त्याआधी क्यू, एक्स आणि झेड ही तीनच नावे दिली गेली होती. त्यांपैकी ‘झेड’ २०१४ मध्ये एका जपानी कंपनीने सुमारे ६८ लाख डॉलरांस घेतले. फेसबुकने २०१० मध्ये ‘एफबी’ ही दोन अक्षरे अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या एका महासंघाकडून ८५ लाख डॉलरांस विकत घेतली. महासंघाच्या लोकप्रचलित नावाची आद्याक्षरे तीच असल्याने ते नाव त्याच्याकडे होते.

मात्र दुर्मिळतेने सगळा उलगडा होत नाही. २०१९ मध्ये ‘व्हॉइस’ हे इंग्रजी पाच अक्षरांचे नाव तीन कोटी डॉलरांस विकले गेले, म्हणजे एकाक्षरी ‘झेड’च्या चौपटीहून अधिक किमतीस. २०१० मध्ये मोटारीच्या विम्याचा बोध करून देणारे बारा अक्षरी ‘कार इन्शुरन्स’ हे नाव जवळजवळ पाच कोटी डॉलरांस गेले. त्या सौद्यात नावाबरोबर चालता व्यवसायही होता, हे खरे. तरीही निष्कर्ष उरतोच. अर्थ नसलेल्या नावांत आखूडपणा हाच गुण ठरतो. अर्थ असला, की आखूडपणा दुय्यम होतो. ऐकणाऱ्याच्या मनात ते नाव विनासायास उतरते की नाही, हीच खरी कसोटी. या व्यवसायात ‘रेडिओची कसोटी’ असा शब्दप्रयोगच रूढ आहे. नभोवाणीवर एकदा ऐकलेले नाव श्रोत्याला न चुकता लिहिता आले, तर ते उत्तीर्ण.

या कसोटीचे मर्म भारतातील एका खटल्यात दिसून आले. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे जुळवून ‘सिफी’ हा सुटसुटीत शब्द घडविला आणि १९९९ मध्ये त्यावर आधारलेली डोमेन नावे नोंदविली. पुढे २००१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने रोमन ‘एफ’ दोनदा लिहून जवळपास तसेच नाव वापरण्यास आरंभ केला. डोळ्यांना फरक एका अक्षराचा, कानांना जवळजवळ शून्य. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पहिल्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारी चिन्हाप्रमाणे संरक्षणास पात्र आहे, हे तत्त्व मान्य केले. आधी येऊन नाव नोंदविले एवढ्याने हक्क पूर्ण होत नाही. त्या नावाशी प्रामाणिक संबंध असावा लागतो, ही मर्यादा त्या नियमाला मिळाली.

लहान म्हणजे किती लहान, हेही सर्वत्र सारखे नाही. २०१५ च्या सुमारास चिनी गुंतवणूकदारांनी आखूड नावांची मोठी खरेदी केली, तेव्हा त्यांनी रोमन स्वर आणि ‘व्ही’ हे अक्षर टाळले. कारण चिनी शब्दांच्या रोमन आद्याक्षरांत ती क्वचित येतात किंवा येतच नाहीत. आकड्यांची नावे मात्र त्यांनी चढ्या भावाने घेतली. आठ शुभ म्हणून महाग, चार मृत्युवाचक शब्दासारखा ऐकू येतो म्हणून स्वस्त. इंग्रजी मनाला निरर्थक वाटणारे नाव चिनी मनाला मोलाचे वाटले.

मराठी माणसासाठी प्रश्न येथेच उभा राहतो. वरील सगळे गणित रोमन लिपीचे आहे. मराठीतले ‘ज्ञ’ किंवा ‘क्ष’ हे वाचणाऱ्यास एक अक्षर; रोमनमध्ये त्याची दोन-तीन अक्षरे होतात आणि ती कोणती, याविषयीही एकमत नसते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हा देवनागरी विभाग खुला झाला, आणि मराठी नाव मराठी लिपीत नोंदविण्याची वाट मोकळी झाली. पण आतली यंत्रणा अजून रोमन चिन्हांवरच चालते. ‘भारत’ हा तीन अक्षरी शब्द तिच्यात अकरा रोमन चिन्हे व आकडे होऊन वावरतो. सुदैवाने ते रूप वाचकाला पाठ करावे लागत नाही. यंत्राला लांबीचा भार नाही, हे वर आलेच आहे. तेव्हा देवनागरी नाव आखूड मानावे की लांब, हे ते उच्चारणाऱ्या मराठी जिभेने ठरवावयाचे आहे. नवा विभाग आहे तोवर त्यातील चांगली नावे साध्या फीत मिळू शकतात. शाळा, ग्रंथालये, नगरपालिका यांनी ती वेळेवर घेतली नाहीत, तर डॉट कॉममध्ये मागून येणाऱ्यांना जे मोल द्यावे लागले, ते येथेही द्यावे लागेल.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि तारेचे नोंदविलेले पत्ते निरुपयोगी झाले. त्यांतील बहुतेक शब्द आज कोणास आठवत नाहीत. ‘इंटरपोल’ आणि ‘ऑक्सफॅम’ मात्र टिकून राहिले. ते आखूड होते, म्हणून लोकांच्या तोंडी बसले. पण तोंडी बसावे इतके काम त्यांच्या पाठीशी होते, म्हणून ते राहिले.