विमानाचे भाडे : हाली की कलदार?

निजामी अमदानीत मराठवाड्याच्या बाजारात भाव ऐकला की जाणता माणूस आधी विचारी, "हाली की कलदार?" हाली म्हणजे संस्थानचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजी मुलखातला रुपया. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. तेव्हा नुसता आकडा ऐकून सौदा होत नसे. हाली नाणे गेले, कळमनुरीही निजामाच्या राज्यातून निघून महाराष्ट्रात आली. पण तो प्रश्न काही संपला नाही. विमानाच्या भाड्याची जाहिरात वाचा, म्हणजे पटेल.

विमान ही तशी मराठवाड्याला अगदीच परकी गोष्ट नव्हे, बरे का. 1932 साली 27 गाड्यांनिशी मोटारसेवा काढणाऱ्या याच संस्थानात, 1945 साली, निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी उभी राहिली. त्या विमानात कळमनुरीचे किती लोक बसले असतील, हा भाग वेगळा! 1953 मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. भाडे सरकारच्या संमतीने ठरू लागले. ते परवडो न परवडो, त्यात चढाओढ नव्हती, म्हणून भुलवणारी जाहिरातही नव्हती.

1994 साली तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रान मोकळे मिळाले. भाडे ज्याचे त्याने ठरवावे. सरकारच्या हाती उरला तो मुख्यतः 1937 च्या विमान नियमांतला 135 वा नियम : कंपनीने खर्च आणि वाजवी नफा पाहून दर ठरवावेत, ते प्रसिद्ध करावेत, कचेरीत दिसतील असे लावावेत, दर अवाच्या सवा वाटले तर विमान वाहतूक महासंचालकांनी हस्तक्षेप करावा. नियम चांगला, पण लावलेला दर आणि उतारूच्या खिशातून जाणारी रक्कम एकच असेल, याची हमी त्यात कुठे होती?

2003 साली एअर डेक्कन सुरू झाली आणि पुढे एक रुपयात तिकीट निघाले. रुपया खराच होता; पण तो मूळ भाड्याचा. त्यावर विमानतळाची आकारणी आणि कर चढत. एसटीचा वाहक तिकिटावर छापलेलेच पैसे घेतो. तिथे मागाहून "आता स्टँडचे वेगळे द्या" असे कुणी म्हटले, तर गाडीत केवढा गलका होईल!

युरोपने 2008 मध्ये नियम केला की भाडे सांगायचे तर कर आणि अनिवार्य आकार धरून शेवटची रक्कमच सांगावी. अमेरिकेत तसाच नियम 2012 च्या जानेवारीत लागू झाला. आपल्याकडे, 30 नोव्हेंबर 2023 रोजी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या युक्त्यांची यादी काढली. किमतीचे तुकडे मागाहून उघड करणे आणि न मागितलेली वस्तू हळूच हिशेबात टाकणे, या दोन्ही त्यात आल्या. त्या एकट्या विमान कंपन्यांसाठी नाहीत, पण त्यांनाही लागू पडतात.

कंपन्यांना बोल लावताना सरकारी पाटीही वाचावी. कळमनुरीहून आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर असे गेले की नांदेड येते. 27 एप्रिल 2017 रोजी तिथून हैदराबादचे विमान 'उडान' योजनेत सुटले. गावोगाव ऐकू गेले ते एवढेच : तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार. ही मर्यादा साधारण निम्म्या आसनांपुरती होती. उरलेल्यांचा भाव बाजाराचा. कोविडच्या काळात, 2020 च्या मे महिन्यात, सरकारने किमान व कमाल भाडे ठरवले. चाळीस मिनिटांच्या आतल्या उड्डाणाला ते दोन ते सहा हजार होते आणि ऑगस्ट 2022 अखेरपर्यंत ही व्यवस्था चालली. त्या आकड्यांतही विमानतळाची आकारणी आणि वस्तू व सेवा कर धरलेला नव्हता.

मूळ भाडे की एकूण, हे विचारणे इथेही उतारूवरच राहिले होते.