‘किर्लोस्कर खबर’ आणि महाराष्ट्रातील यंत्रोद्योग

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना राजकारण व समाजसुधारणा या दोन क्षेत्रांवर त्यांनी केलेल्या परिणामांचा विचार विस्ताराने होतो. उद्योगधंद्यांवरील परिणामांचा मात्र बहुधा ओझरता उल्लेखच आढळतो. ‘किर्लोस्कर खबर’ या पत्राच्या बाबतीत तर हा उल्लेख एका ठराविक विधानात संपतो. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्याच्या मनात असलेली भीती या पत्राने घालविली आणि त्यामुळे कारखान्याची भरभराट झाली, असे ते विधान होय. त्याची कालक्रमाच्या कसोटीवर परीक्षा करणे अगत्याचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ अध्यापन केले. त्यानंतर ते बेळगावी सायकलींच्या व शेतीच्या अवजारांच्या धंद्यात पडले. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक मंदावली व देशी कारखानदारांना बाजारपेठ मोकळी झाली. ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते १९२० मध्ये. म्हणजे नांगर बाजारात आल्यावर सुमारे सतरा वर्षांनी. तेव्हा नांगराचे यश हे या पत्राचे कार्य नसून, उलट हे पत्र त्या यशाचे फळ होय, असेच म्हणावे लागते.

मग या पत्राने उद्योगावर परिणाम केलाच नाही काय? तसे नाही, तो परिणाम निराळ्या ठिकाणी शोधला पाहिजे. १९२० या वर्षीच किर्लोस्कर बंधूंच्या पेढीचे मर्यादित मंडळीत रूपांतर झाले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. खाजगी पेढीला गिऱ्हाईक पुरते. मर्यादित मंडळीला भागधारक लागतो, शिकलेला कारकून, आराखडे काढणारा व विक्री करणारा लागतो. हे सारे शेतकऱ्यांतून नव्हे, तर लेखणीवर पोट भरणाऱ्या पांढरपेशा वर्गातून यावयाचे होते. आणि हा वर्ग सरकारी नोकरीला प्रतिष्ठा व हातकामाला कमीपणा मानणारा होता. संपादक शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे स्वतः चित्रकार असून कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत. स्वावलंबन, उद्योगप्रियता व विज्ञाननिष्ठा यांचा त्यांनी जो पाठपुरावा केला, त्याचा रोख या वाचकाकडे होता. यंत्र विकण्यापेक्षा यंत्राला समाजात मान मिळवून देणे, हे कार्य या पत्राने प्रामुख्याने केले.

पत्राची पुढील वाटचाल या अनुमानास पुष्टी देते. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ हा शब्द गळून ‘किर्लोस्कर’ एवढेच नाव उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. यंत्र व विज्ञान यांचा पुरस्कार करणारे वि. दा. सावरकरांचे निबंध याच ‘किर्लोस्कर’ मासिकातून लोकांपुढे आले. कारखान्याची खबर देण्यासाठी जे जन्मले, त्याला वाचकांनीच कारखान्याच्या कुंपणाबाहेर ओढून नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा पत्राला इतरत्र पूर्वोदाहरण नाही असे नाही. जॉन डीअर या अमेरिकेतील नांगराच्या कारखान्याने १८९५ मध्येच शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे पत्र सुरू केले होते. परंतु ते मुख्यतः शेतीचेच पत्र राहिले. किर्लोस्करवाडीच्या पत्रातून मात्र साहित्य व समाजसुधारणा यांचे व्यासपीठ उभे राहिले. उद्योगाचे मूल्य पटविण्यासाठी येथे आधी रूढी, स्त्रीशिक्षण व श्रमप्रतिष्ठा यांविषयी बोलावे लागले. या फरकातच त्या काळच्या मराठी समाजाची स्थिती दिसून येते.

तथापि या प्रभावाची मर्यादाही नमूद करणे इतिहासकाराचे कर्तव्य होय. कारखान्याच्या मालकीचे पत्र यंत्रयुगाचा उत्साही प्रवक्ता होऊ शकते. पण त्याच यंत्रांचा निःपक्ष परीक्षक होणे त्याच्या प्रकृतीतच नाही. नांगराचा फाळ किती दिवस टिकतो, किंमत रास्त आहे की नाही, हे विचारणारा ग्राहक व ओतशाळेत राबणारा कामगार यांची बाजू त्याच मालकीच्या पानांत सारख्याच जोराने उमटेल, ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. नागपूरचे ‘उद्यम’ हे मासिक १९१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ त्याच वेळी निघाले; ते कोणत्याही यंत्रकारखान्याचे मुखपत्र नव्हते. या दोहोंचा तौलनिक अभ्यास केल्यास उद्योगाने स्वतःविषयी काय सांगितले आणि उद्योगाविषयी इतरांनी काय सांगितले, यांतील अंतर मोजता येईल.

सारांश, एखाद्या पत्राचा उद्योगावरील प्रभाव त्याच्या खपावरून किंवा कारखान्याच्या भरभराटीवरून ठरविणे सदोष ठरते. आधी काय घडले व मागाहून काय, पत्राचा खर्च कोण सोसत होता, आणि ते कोणत्या वाचकाला उद्देशून लिहिले जात होते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम मिळविली पाहिजेत. ‘किर्लोस्कर खबर’ला ही कसोटी लावली असता नांगराच्या खपाचे श्रेय त्याच्याकडून काढून घ्यावे लागते, परंतु मराठी सुशिक्षिताला कारखान्याच्या दारापर्यंत आणण्याचे, त्याहून अवघड असे श्रेय त्याच्या पदरी पडते.